मुलीचं टोमॅटोचं झाड माझ्यामुळे मेलं, गुपचूप दुसरं आणून ठेवलं. आता काय करू?

पश्चिमेची_बाल्कनी | ३ जून, रात्री ११:१०

मंडळी, चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायची वेळ आली ती एका टोमॅटोमुळे. हसू नका.

मुलगी आठ वर्षांची, यंदा तिसरीत जाईल. मार्चमध्ये कोशिंबिरीसाठी टोमॅटो चिरत होतो, त्यातल्या बिया तिने उचलल्या आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. (डब्याला भोकं मी पाडली, तापवलेल्या खिळ्याने. माझं योगदान तेवढंच.) सातव्या दिवशी नऊ रोपं वर आली. त्यातलं एक निवडून तिने मोठ्या कुंडीत लावलं. बाकी आठांचं काय करायचं यावर घरात दोन दिवस खल झाला, शेवटी शेजारच्या काकू आणि वॉचमनकाका यांच्यात वाटणी झाली. कुंडीतलं मात्र तिचं, आम्ही हात लावायचा नाही. शाळेतून आली की आइस्क्रीमच्या काडीने उंची मोजायची आणि वहीत लिहायची, 'आज साडेतीन काड्या'. खोडाला ओळख म्हणून लाल लोकरीचा दोरा बांधलेला.

एप्रिलमध्ये एका पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या. मी म्हटलं, रोग आहे, तोडून टाकू. तोडू दिलं नाही. म्हणे हा नकाशा आहे, आजोळचा. "हे आपलं घर, हा कात्रजचा घाट, आणि इथे आजी."

मेमध्ये ती पंधरा दिवस आजोळी गेली. जाताना माझ्यासाठी वहीचं पान फाडून सूचना लिहून ठेवल्या: सकाळी एक तांब्या, संध्याकाळी अर्धा, पानांवर नाही, मुळाशी. आठ दिवस इमानेइतबारे घातलं. मग ऑफिसात ऑडिट लागलं, तीन दिवस घरी यायला रात्रीचे अकरा. बायकोला वाटलं मी घालतोय. बाल्कनी पश्चिमेची, दुपारी बारापासून ऊन. चौथ्या दिवशी पाहिलं तर रोप दांडीवरच्या ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. भरपूर पाणी घातलं, सावलीत ठेवलं. नाही उठलं.

मग जे करायला नको होतं ते केलं. नर्सरीतून साधारण तेवढंच रोप आणलं, चाळीस रुपयांना. त्याच कुंडीत लावलं आणि लाल दोरा सोडवून याला बांधला. बायको म्हणाली, "ओळखेल ती." मी म्हटलं, आठ वर्षांची पोर, काय ओळखते.

आली ती चपला न काढता बाल्कनीत. दोन मिनिटं नुसती बघत होती. "बाबा, नकाशा कुठाय?" मी म्हणालो, ते पान गळलं गं. काही बोलली नाही. काडी लावून मोजलं, वहीत लिहिलं मात्र नाही. आज पाच दिवस झाले, ती त्या रोपाला पाणी घालत नाही. विचारलं तर म्हणते, "घाल ना तूच."

मुलांनी स्वतःचं झाड वाढवलं की जबाबदारी कळते, असं मीच तिच्या आईला सांगत होतो. खरं सांगू का तिला? की आता उशीर झाला?

---

टोकदार | ३ जून, रात्री ११:३१

तिला कळलंय. तिला कळलंय हे तुम्हालाही कळलंय. मग सांगायचं काय उरलं? माफी मागायची उरली आहे.

---

निंबोणी | ४ जून, सकाळी ७:०५

पश्चिमराव, रात्री वाचलं आणि पोटात गलबललं. नकाशा म्हणजे नागअळी असणार. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खात पुढे जाते, जाईल तसा बोगदा पांढरा दिसतो. अळी मोठी होत जाते म्हणून रेघ सुरुवातीला बारीक आणि पुढे जाड होते. लेकीला हे सांगा, तिला आवडेल. नकाशाला खरंच सुरुवात आणि शेवट असतो.

आमच्या घरची गोष्ट वेगळी आहे पण जवळची. मुलाचा (वय १०) कढीपत्ता. कमरेएवढा झाला होता, एका आठवड्यात निम्मा बोडका. बघितलं तर पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी. बोट लावलं तर ती शीट हलली आणि डोक्यातून लालसर शिंगं बाहेर काढली. असा वास सुटला म्हणता! फुलपाखराच्या अळ्या होत्या त्या. लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्यावर येतात. मी चिमटा आणि साबणाचं पाणी घेऊन तयार. मुलगा म्हणाला, झाड माझं आहे, मी ठरवणार.

दोन दिवस ठरवलं नाही. जेवताना विचार, झोपताना विचार. मग पाच अळ्या ठेवायच्या आणि बाकीच्या खालच्या लिंबाच्या झाडावर सोडायच्या, असा तह झाला. पाचांपैकी दोन बुलबुलाने नेल्या. तीन कोष झाले. एकातून काळं, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचं फुलपाखरू निघालं. दुसऱ्याला भोक पडलं आणि चक्क बारीक गांधीलमाश्या बाहेर आल्या! तिसरा तसाच वाळला. त्या गांधीलमाश्यांचं त्याला जे आश्चर्य वाटलं ते फुलपाखराचंसुद्धा नाही. कढीपत्ता पावसाळ्यात परत फुटला.

---

बांधावरचा | ४ जून, सकाळी ८:४०

वाचून गंमत वाटली. राग मानू नका. आम्ही शेतकऱ्याची पोरं. आम्हाला झाडं लावायचे फायदे कुणी सांगितले नाहीत. शाळा सुटली की खुरपं हातात. भांगलण करताना 'निसर्गाशी नातं' वगैरे काही जुळत नव्हतं, कंबर तेवढी मोडत होती. आजही माझा पोरगा कांद्याच्या रोपांत वाकायला तयार नाही, आणि मी त्याला नावं ठेवत नाही.

पण एक आठवलं. मी सहा-सात वर्षांचा असताना आईने विहिरीच्या पाटाकडेला मला एक काकडीचं आळं दिलं होतं. म्हणाली हे तुझं, इकायची नाही, कुणाला इचारायचं नाही. घरची साडेतीन एकर होती, पण मला रोज सकाळी उठून बघावंसं वाटायचं ते त्या आळ्याकडे. पहिली काकडी मी कुणाला न सांगता बांधावर बसून मीठसुद्धा न लावता खाल्ली. कडू निघाली. तरी संपवली.

तेव्हा काम वेगळं आणि आपलं वेगळं. तुमच्या पोरीचं ते आपलं होतं. तुम्ही चाळीस रुपयांत परत कसं आणणार?

ता. क. बाजारातला टोमॅटो बहुतेक हायब्रीड असतो. त्याचं बी धरलं तर तसंच फळ येईल असं नाही. पोरीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा म्हणेल बाबाने बदललं.

---

पश्चिमेची_बाल्कनी | ४ जून, सकाळी ९:१५

ता. क. वाचून ऑफिसच्या बसमध्ये मोठ्याने हसलो. धन्यवाद. आज संध्याकाळी बोलतो. तोवर लिहीत राहा, बायकोपण वाचतेय.

---

मास्तर_घाटमाथा | ४ जून, दुपारी १:२०

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचतोय. सातारा जिल्ह्यात जि. प. शाळेवर आहे. आमच्याकडे परसबाग आहे, तिथली भाजी पोषण आहाराच्या खिचडीत जाते. पालक, मेथी, दोडका, लाल भोपळा. शेवगा कुंपणाला, फांदी खोचून लावलेला. चार-चार मुलांना एक वाफा वाटून दिलाय.

सर्वांत जास्त शिकवलं ते भोपळ्याने. चौथीतला एक मुलगा, वाचनात मागे, वर्गात तोंड उघडायचा नाही. एकदा येऊन म्हणाला, "गुर्जी, फुलं येत्यात आन गळत्यात. भोपळा येतच न्हाई." मी सांगणार होतो, पण घंटा झाली. (नशीब.) दुसऱ्या दिवशी तो स्वतःच शोधून आला. काही फुलांचा देठ नुसता काडीसारखा, आणि एकाच फुलाच्या खाली लिंबाएवढा गरगरीत गोळा. म्हणाला, "ह्येच्याखाली भोपळा हाय आधीच!" मग नर फूल, मादी फूल समजावलं. वेलाला आधी नर फुलं येतात, ती गळणारच. फूल भल्या सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. मधमाशी कमी असेल तर नर फुलाच्या पाकळ्या काढून आतला पिवळा दांडा मादी फुलात फिरवायचा.

त्यानंतर तो पोरगा सकाळी सातला शाळेत हजर. सगळ्या गटांच्या भोपळ्यांची 'लग्नं' लावायचा. लग्न लागलेल्या फुलाला दोरा. वहीत तारीख आणि वाफ्याचा नंबर. वहीतलं लेखन अशुद्ध, पण लिहीत होता, वाचून दाखवत होता, कारण दुसऱ्या गटाने 'आमचं लग्न तू लावलंच नाहीस' असं भांडण काढलं की पुरावा लागायचा.

दर वर्षी निम्मे वाफे जातात. मावा पडतो, कोंबड्या शिरतात, दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार? पहिल्या वर्षी मी सुट्टीत जाऊन पाणी घालत होतो. आता नाही घालत. गावातली मुलं आपापसांत पाळ्या लावतात. ज्याची पाळी चुकते त्याला जे ऐकावं लागतं ते मी बोलू शकणार नाही.

---

आकडेमोड | ४ जून, दुपारी २:५०

वातावरण भारलेलं आहे, तरी जरा थंड पाणी. मुलांनी भाजी लावली की मुलं भाजी खातात, हे आपण फार छातीठोकपणे सांगतो. लंडनमधल्या शाळांमध्ये याची नीट चाचणी झाली होती, निष्कर्ष २०१४ साली छापून आले. शाळेत बागकाम सुरू केल्याने मुलांचं फळं-भाज्या खाणं एकंदरीत वाढलं, असं म्हणण्याजोगा पुरावा फारसा मिळाला नाही. जिथे शाळेने बाग खरोखर मनावर घेतली, तिथे मात्र फरक दिसला.

माझ्या घरचा पुरावा: मुलीने स्वतः मेथी लावली, बाविसाव्या दिवशी स्वतः उपटली, शेजाऱ्यांना विकली, आणि त्या पैशांचे वेफर्स खाल्ले.

---

टोकदार | ४ जून, दुपारी २:५८

@आकडेमोड, तुमची मुलगी अर्थशास्त्र शिकली. अजून काय हवं?

---

डॉक्टरीणबाई | ४ जून, दुपारी ४:३०

मेथीचा हिशेब आवडला. माझ्याकडे येणारे पालक दोन टोकांचे. एक म्हणजे 'माती? शी, हात धू!' आणि दुसरे म्हणजे 'मातीत खेळल्याने प्रतिकारशक्ती वाढते ना डॉक्टर?'

दुसऱ्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. फिनलंडमध्ये शहरातल्या काही बालवाड्यांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, हिरवळ, लावणीच्या पेट्या आणून ठेवल्या आणि मुलांना त्यात रोज खेळू दिलं. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारसंस्थेच्या काही खुणा चांगल्या दिशेने सरकल्या. हा अभ्यास २०२० चा. मुलं मोजून ७५, तेव्हा यावरून लगेच 'माती हेच औषध' असे फॉरवर्ड पाठवू नका.

आणि आपली माती फिनलंडची नाही. काम झाल्यावर साबणाने हात, नखांतसुद्धा. अनवाणी नको. शाळेत जंतनाशक गोळी देतात ती चुकवू नका. पाचव्या वर्षीचा ट्रिपल लशीचा बूस्टर राहिला असेल तर घ्या, धनुर्वात मातीतूनच होतो. फवारणीची औषधं मुलांच्या हाती अजिबात नाहीत, 'ऑरगॅनिक' लिहिलेलीसुद्धा नाहीत. आणि मुलाला पहिलं झाड म्हणून कण्हेर किंवा धोतरा देऊ नका. दोन्ही चांगलेच विषारी आहेत. देवाला चालतात म्हणून घरोघरी असतात, तेवढंच.

---

फ्रांकफुर्टकर | ४ जून, सायं. ५:१५ (इथे दुपार)

इथे बाल्कनीत ऑक्टोबर ते एप्रिल काही उगवत नाही. पण ईस्टरच्या सुमारास किंडरगार्टनमध्ये एक उद्योग असतो. अंड्याच्या रिकाम्या कवचावर नाक-डोळे काढायचे, आत ओला कापूस, त्यावर 'क्रेसं' नावाचं बी. दोन दिवसांत अंकुर, आठवड्यात अंड्याला हिरवे केस. मग कात्रीने केस कापायचे आणि ब्रेड-बटरवर घालून खायचे. धाकट्याने ते अंडं व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलं. आई डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "बी दाखव रे जरा." दाखवलं. "अगं बाई, हे तर अळीव!"

खरंच तेच. जे आपण बाळंतिणीला लाडवातून घालतो त्याचेच इथे अंड्याला केस. आता तो किंडरगार्टनमध्ये सांगत फिरतो की माझी आजी हे केस गुळात घालून खाते.

---

आजीबाई_७२ | ४ जून, सायं. ६:०२

काय रे हसवता म्हातारीला. लाडवात बी घालतात, केस नव्हे. नातवाला नीट सांग.

आपल्याकडे घराघरातलं पोर पहिली पेरणी कुठे बघतं, तर घटात. परडीत काळी माती, त्यात गहू, ज्वारी, सातू, जे असेल ते, मध्ये घट. रोज पाणी शिंपडायचं काम आमच्याकडे सगळ्यांत लहान मुलाचं. दसऱ्याला ते पिवळं धान उपटून देवाला वाहायचं, पुरुषमाणसं टोपीत खोवतात, पोरं कानावर ठेवतात.

गेल्या वर्षी नातू विचारू लागला, आजी हे पिवळं का, शेतातलं तर हिरवं असतं? मी म्हटलं देवघरात ऊन कुठे असतं बाबा? त्याला पटेना. तेव्हा थोडी माती आणि गहू द्रोणात घालून त्याने खिडकीत ठेवलं. नवव्या दिवशी घटातलं वीतभर उंच, खिडकीतलं जेमतेम चार बोटं. तो म्हणाला, बघ, अंधारातलं जास्त चांगलं वाढलं. मी म्हटलं, हात फिरव दोन्हींवरून. घटातलं लगेच आडवं झालं. खिडकीतलं बोटाला टोचत होतं. मग गप्प बसला आणि परत हात फिरवत राहिला.

आणि पश्चिमेच्या बाल्कनीवाल्या, तू अजून सांगितलंस का नाही?

---

मधलीसुट्टी | ४ जून, सायं. ६:४०

मध्येच विचारते, माफ करा. मुलाने धणे पेरलेत, दहा दिवस झाले, काहीच नाही. तो रोज माती उकरून बघतो. टाकून द्यावं का?

---

निंबोणी | ४ जून, सायं. ६:५५

उकरणं थांबवा आधी! एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या (भुगा नको), रात्रभर भिजवून मग पेरायच्या. तरीही आठ-दहा दिवस, कधी बारा. जूनच्या उकाड्यात आणखी नखरे करतात. एवढी वाट बघणं मुलांना अवघड जातं, म्हणून शेजारच्या कुंडीत मोहरी टाकून द्या. ती तिसऱ्या दिवशी वर येते, तेवढ्यावर धण्याचा राग निवतो. गोकर्ण पण छान. बी भिजवून लावा, वेल बाल्कनीच्या गजांवर चढतो, आणि त्याच्या निळ्या फुलांच्या गरम पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं-गुलाबी होतं. आमच्याकडे पाहुण्यांना हा प्रयोग बघितल्याशिवाय चहा मिळत नाही.

पोरांच्या कुंडीबाबत एकच: पाणी जास्त झाल्याने जेवढी झाडं मरतात तेवढी तहानेने नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर आज सुट्टी.

---

पश्चिमेची_बाल्कनी | ५ जून, रात्री १०:२५

सांगितलं. काल रात्रीच सांगितलं, लिहायला आज वेळ मिळाला.

जेवण झाल्यावर बाल्कनीत बसलो दोघं. मी म्हटलं, तुझं झाड माझ्यामुळे वाळलं, तीन दिवस पाणी घालायचं राहिलं. मग भीती वाटली म्हणून हे दुसरं आणलं, आणि पान गळलं असं खोटं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये. ह्याला केस कमी आहेत." मला काही कळेना. तिने बॅटरी आणून दाखवलं. आधीच्या खोडावर म्हणे बारीक केस जास्त होते, आणि हात लावला की वास जास्त यायचा. पंधरा दिवस गावी राहून पोरीला झाडाचा वास लक्षात होता.

मला वाटलं होतं रडेल. तिने विचारलं, "मेलेलं कुठे टाकलंस?" कंपोस्टच्या बादलीत टाकलं होतं. मग काय, रात्री साडेनऊला वर्तमानपत्र पसरून बादली उपसली. केळ्याची सालं, चहाचा चोथा, आणि त्यात ते खोड निघालं, वाळकं, दोनेक पानं चिकटलेली. नकाशाचं पान निघालं नाही. फार शोधलं. ती म्हणाली, "ते माती झालं असेल," आणि खोड धुऊन वहीच्या शेवटच्या पानावर सेलोटेपने चिकटवलं. खाली लिहिलं: 'सात काड्या. बाबा विसरला.' मी म्हटलं, दुसरं वाक्य खोडता येईल का? नाही म्हणाली.

नागअळीचं सांगितलं, निंबोणीताई. रेघ बारीक असते तिथून सुरुवात, हे ऐकून तिचा चेहरा जरा पडला. म्हणाली, "म्हणजे मी उलटा वाचत होते. घर तिकडे होतं."

नवीन रोपाचं काय, तर लाल दोरा सोडून घेतला आणि ऑफिसच्या आयकार्डची माझी जुनी निळी नाडी त्याला बांधली. "हे तुझं. पाणी तू घालायचं, पानांवर नाही." आज दुपारी तीनला, मीटिंगमध्ये होतो, घरून फोन: सकाळी घातलंस का?

घातलं नव्हतं.

---

बांधावरचा | ५ जून, रात्री १०:४०

एक नंबर पोरगी. तिला म्हणावं आता टोमॅटो टाकायला हरकत नाही, पहिला पाऊस पडला की रोप बसतं. पश्चिमेला शेडनेटचा तुकडा बांधा तेवढा.

---

पश्चिमेची_बाल्कनी | ५ जून, रात्री १०:४४

माझ्या झाडाला बांधतो. तिच्या झाडाचं तिला विचारून सांगतो.